शंका आली की बाजूला

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात अंगठा लावून कादंबऱ्या नेणारा एकच सभासद होता. सोनटक्के. चारशे पानांचं पुस्तक आठ दिवसांत वाचून परत आणणारे हे गृहस्थ मी रजिस्टर पुढे केलं की खिशातून शाईचं छोटं गोल पॅड काढायचे, डाव्या हाताचा अंगठा त्यावर दाबायचे आणि सहीच्या रकान्यात नीट मध्यभागी उमटवायचे. मग कॉटन वेस्टच्या बोळ्यानं अंगठा पुसून बोळा परत खिशात.

"अहो, तुम्ही शिकलेले आहात ना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"डिप्लोमा आहे, बाई. मेकॅनिकल."

"मग सही करा की."

"सही नको. उद्या कुणी विचारलं, वाचून केली होती का, तर काय सांगायचं? अंगठेबहाद्दराला तसं कुणी विचारत नाही."

आता मीही काही कमी संशयी नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी कॉप्या पकडण्यात गेली. फार नम्र मुलगा दिसला की मी आधी त्याच्या शर्टाच्या बाह्या तपासत असे. त्यामुळे हा माणूस काहीतरी लपवतोय, हे मी त्याच संध्याकाळी मनाशी पक्कं करून टाकलं.

सोनटक्के मूळचे लातूरकडचे. आधी तळवड्याच्या एका वर्कशॉपात आणि मग चाकणच्या एका कंपनीत त्यांनी इन्स्पेक्शनचं काम केलं. म्हणजे लोकांनी बनवलेल्या पार्टमध्ये खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. रिटायर झाले तरी सवय सुटली नव्हती. "शंका आली की पीस बाजूला," हे त्यांचं ब्रीद. दुधाची पिशवी जरा फुगलेली दिसली, बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी औषधी काढा पाठवला, बाजूला. दिवाळीत सोसायटीनं घरटी काजूकतलीचा बॉक्स वाटला, तर यांनी व्हर्नियर कॅलिपर लावून जाडी मोजली आणि "मागच्या वर्षीपेक्षा दीड एमएम कमी" असा निकाल नोटीस बोर्डावर लावला. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा बंगलोरला. वाचनालय आणि सकाळचं फिरणं सोडलं तर सोनटक्के सहसा कुठं जात नव्हते. जवळच्या मारुंजीच्या बाजारातसुद्धा नाही, कारण तिथले वजनकाटे त्यांना पसंत नव्हते.

वाचायचे मात्र एकाच जातीची पुस्तकं. जुनी, जाडजूड, नावाजलेली, आणि कथानक असं की एक माणूस एकीकडे आणि सगळं गाव नाहीतर सगळं सरकार दुसरीकडे. राजाला तोंडावर नाही म्हणणारी बाई, वाळीत टाकलेला मास्तर, साहेबाला जाब विचारणारा कारकून. देश कुठलाही चालायचा. प्रेमकथा पुढे केली की म्हणायचे, "यात चौकशी कुठंय?"

"कशी वाटली?" असं विचारलं की निकाल यायचा. "नायक पास. राजा रिजेक्ट."

"आणि बाकीचे?"

"बाकीची प्रजा संशयास्पद. बाजूला ठेवलीय."

इथपर्यंत मी हसत होते. पण एकदा त्यांनी परत केलेलं पुस्तक चाळताना मला पेन्सिलीचे गोल दिसले. हळूहळू मी त्यांनी वाचलेली सगळी पुस्तकं काढली आणि दार लावून तपासली. गोल नायकाच्या नावाभोवती कधीच नव्हता. कुठं पहारेकऱ्याभोवती, कुठं दरबारातल्या लेखनिकाभोवती, कुठं कोर्टात खोटी साक्ष देणाऱ्या शेजाऱ्याभोवती. आणि प्रत्येक गोलाशेजारी, समासात, सुबक अक्षरात एकच प्रश्न. 'याचं पुढे काय झालं?'

चौदा पुस्तकांत मला असे बावीस गोल सापडले. हा सांकेतिक मजकूर असणार असं मला वाटलं. मी ती नावं उलटसुलट मांडून पाहिली, पहिली अक्षरं जोडून पाहिली. काहीच जुळेना. सरळ त्यांना विचारावं हे मला सुचलं नाही. संशयी माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, पुरावे हवे असतात.

अशात लिफ्टचं प्रकरण घडलं. बी विंगची लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबताना खर्रकन आवाज करायची. सोनटक्क्यांनी तीन दिवस कान लावून ऐकलं आणि चौथ्या दिवशी सकाळी तिच्या दारावर लाल टॅग बांधला. 'रिजेक्ट. तपासणीशिवाय वापरू नये.' लोक घाबरून जिन्यानं चढू लागले. त्याच दिवशी आमचे चेअरमन आबा यांच्या घरी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. घर अकराव्या मजल्यावर. मुलाचे वडील आठव्यावर बसले ते उठेनात. पोह्यांची बशी तिथं पायरीवर न्यावी लागली.

आबा इथलेच, पुनावळ्याच्या जुन्या घरातले. ही बिल्डिंग त्यांच्याच वावरात उभी आहे. माणूस तसा गोड, घरी नवा तांदूळ आला की पिशवीभर आणून देणारा. पण सोयरीक फिसकटली आणि आबांचं डोकं फिरलं. दोन दिवसांनी ते टाईप केलेला कागद घेऊन वाचनालयात आले.

"बाई, आमी काय वाईट हाय का? पर त्यो मानूस लई झाला आता. पुस्तकं खराब करतो, तुमाला दमात घेतो, असं लिव्हलंय. त्याचं सभासदत्व रद्द करायचं. तुमची सही पायजे."

"दमात? मला कधी घेतलं?"

"आता घेतलं का न्हाई, कोन बघतंय? पोरं टेबल टेनिसला ही खोली मागत्यात, मीच थांबवून धरलंय." आबा हसले. "तुमची पुस्तकं हितंच ऱ्हावी असं मला लई वाटतं."

हे वाचनालय मी माझ्या घरच्या दोन कपाटांतून सुरू केलं होतं. नवरा गेल्यावर या पुस्तकांमुळेच मी उभी राहिले. सोनटक्क्यांकडेही या खोलीपलीकडे काही नाही, हे मला ठाऊक होतं. मी कागद वाचला. दमदाटीची ओळ दोनदा वाचली. मनाशी म्हटलं, नाहीतरी हा माणूस संशयास्पदच आहे. आणि सही केली.

रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये मीटिंग झाली. तीस-एक माणसं होती. सोनटक्के इस्त्रीचा शर्ट घालून, लिफ्टच्या आवाजाच्या नोंदी असलेली वही घेऊन आले होते. सेक्रेटरीनं अर्ज वाचून दाखवला. दमदाटीच्या ओळीला सोनटक्क्यांनी मान वर केली.

"खाली कुणाची सही आहे?"

सेक्रेटरीनं माझं नाव वाचलं. सोनटक्क्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मागून एका सभासदानं विचारलं, "बाई, दमदाटी नक्की कधी केली यांनी? तारीख सांगा."

तीस वर्षं मी पोरांना उभं करून असले प्रश्न विचारले होते. आता तोंड उघडलं तर एकतर पुन्हा खोटं बोलावं लागणार होतं, नाहीतर खोली जाणार होती. तेवढ्यात सोनटक्के उभे राहिले.

"त्यांना विचारू नका. लिहिलंय ते मला मान्य आहे."

"म्हंजी तुमी दम दिला?" आबासुद्धा चकित झाले.

"मान्य म्हटलं ना. पुढचं घ्या."

पुढचं घेतलं गेलं. सभासदत्व रद्द झालं. लिफ्टची वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

सोमवारी चार वाजता ते शेवटचं पुस्तक परत करायला आले. मी पाठमोरी होऊन उगाच कपाट पुसत राहिले.

"काल जेवलात का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मीपण तेव्हा जेवलो नव्हतो." ते समोरच्या खुर्चीत बसले. "आमच्या कंपनीत भालेराव म्हणून होता. माझ्याच टेबलावर. ब्रेकचा एक लॉट त्यानं रिजेक्ट केला. साहेब म्हणाले, टॅग काढ. तो म्हणाला, नाही काढत. चौकशी लागली. आम्हा चौघांना बोलावलं आणि कागद पुढे ठेवला, की माल चांगला होता, भालेरावच भांडखोर आहे. माल खराब होता, बाई. मी स्वतः मोजला होता. पण पोरगा बारावीला, फ्लॅटचं लोन नवीन. वाचून सही केली."

"आणि भालेराव?"

"गेला घरी. कामावरून काढलं त्याला. कादंबऱ्यांत त्याच्यासारख्यांचं सगळं लिहिलेलं असतं. फाशी गेला, देश सोडला, पुतळा झाला. सही करणाऱ्याचं कुणीच लिहीत नाही. तो घरी गेला, जेवला का, पुढची वीस वर्षं त्यानं काय केलं. मी सगळीकडे शोधलं. नाही सापडलं."

त्या बावीस गोलांत सांकेतिक मजकूर शोधल्याची मला भयंकर लाज वाटली.

"भालेराव परत भेटले का कधी?"

"भेटला ना. मागच्या वर्षी, चाकण चौकात. स्वतःचं छोटं गॅरेज आहे. मला ओळखलं, हात धरून टपरीवर नेलं, चहा पाजला. पोरगा काय करतो, गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं. त्या कागदाबद्दल एक शब्द नाही." त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. तो चहा अजून उतरलेला नाही."

मी कसंबसं म्हटलं, "माझं चुकलं, सोनटक्के."

"चुकलंच." ते उठले. "पण मी तुमच्याशी चांगलं वागणार नाही, काळजी करू नका."

मला वाटलं, माणूस दुखावलाय, म्हणून बोलला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी गेटपाशी भाजीची गाडी आली. पाच-सहा बायका मेथी बघत होत्या, मीही उभी होते. सोनटक्के फिरून येत होते. मला पाहून थांबले आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले.

"काय हो बाई! शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या आणि स्वतः खोट्या कागदावर सही ठोकली? लाज नाही वाटली? एका खोलीपायी माणूस विकलात?"

वॉचमन उभा राहिला. बायकांच्या हातातल्या जुड्या हातातच राहिल्या. माझे कान तापले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि रविवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं.

सोनटक्के दोन पावलं पुढे आले. गाडीवरची एक जुडी उचलून देठं तपासल्यासारखं केलं आणि मला एकटीला ऐकू येईल असं हळूच विचारलं, "पुरे, का अजून?"

मी पदरानं डोळे पुसले.

"अजून थोडं," मी म्हटलं.