चार वाक्यांचे वाघमोडे सर

लग्नपत्रिकेचंही रसग्रहण करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो उस्मानपुऱ्यात माझ्याच भिंतीला भिंत लावून राहायचा. वाघमोडे सर कॉलेजात मराठी शिकवत. कुठलाही मजकूर हाती आला की त्याचा चार वाक्यांत सारांश: लेखकाचं म्हणणं काय, ते त्यानं कसं पटवलं, कशासाठी आणि कोणासाठी. "लेखक काय म्हणतो ते सोडा हो, लेखक काय करतो ते बघा!" हे दिवसातून दहादा.

दुष्काळाचं साल होतं. शहराबाहेर नव्या कॉलन्या उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यानं पाणी. एका बिल्डरच्या जाहिरातीवर सरांनी लिहिलं, "लेखक 'मुबलक पाणी' तीनदा म्हणतो, कारण एकदा म्हणून त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही." इथवर ठीक. पण टँकर आला त्या दिवशी रांगेत पहिले हेच, आणि यांनी टँकरवरची 'पाणी जपून वापरा' ही ओळ सोडवायला घेतली. "लेखक इथं आपला दोष वाचकाच्या गळ्यात मारतो..."

"सर, पैले पाइप पकडो ना!" मागून शेख चाची ओरडल्या.

तिसऱ्या वाक्यापर्यंत पलीकडच्या गल्लीनं टँकर रिकामा केला. माझ्या दोन्ही घागरी कोरड्या. शिकून माणूस इतका मठ्ठ होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

असा हा विद्वान एका सकाळी पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आला. अजिंठ्याकडे मेंढरं राखणाऱ्या थोरल्या भावाचं. त्यानं स्वतःची शाळा सोडून यांना शिकवलेलं. अक्षर अडखळत होतं: "इकडं पानी सरलं. मेंढरं घिऊन गोदाकाठी चाललो. गुरुवारी दुपारी हर्सूल नाक्यावरून जाऊ. तू येऊ नको. तुझं कालेज बुडंल."

"सहा वर्षं भेट नाही," सर म्हणाले. "दर वेळी 'येऊ नको' लिहितो, म्हणून मी जात नाही. दादा रागावलाय का हो माझ्यावर?"

माझा पाराच चढला. "सर, वार कळवला, वेळ कळवली, नाका कळवला! बोलावतोय तो तुम्हाला! एवढंही वाचता येईना?"

सरांनी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचे डोळे भरले आणि मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

गुरुवारी त्यांनी कॉलेज बुडवलं. घरात होतं तेवढं पाणी दोन कॅनमध्ये भरलं. दुसरा कॅन मीच उचलला. नाक्यावर ऊन रणरणत होतं. बऱ्याच वेळानं मेंढरं दिसली. पटका बांधलेला म्हातारा दुरूनच ओरडला, "कशाला आला रं? नको म्हनलं व्हतं ना!"

आणि भर रस्त्यात मेंढरं तशीच सोडून सरांकडे धावत सुटला.