दर्शनी दोरी

वडगावच्या विणकर गल्लीत धुणं वाळत घालण्याचा एक अलिखित कायदा होता. धडकं ते रस्त्याकडच्या दोरीवर, विटकं ते परसात. रुक्माबाईची पंचाईत अशी, की तिच्याकडे धडकं काही नव्हतंच. नवरा भावकू दिवसभर मागावर लुगडी विणी, ती सगळी व्यापाऱ्याकडे जात. तिचं एकुलतं लुगडं मधोमध फाटलेलं, दांड भरून जोडलेलं. म्हणून ती शेजारच्या बायाक्काची दोन लुगडी फुकट धुऊन देई. अट एकच, वाळत मात्र रुक्माबाईच्या दोरीवर घालायची. अब्रूचा प्रश्न होता.

लढाईमुळे कापड परमिटवर मिळू लागलं, तेव्हाची ही गोष्ट. उचगावला भाचीचं लग्न निघालं. चारचौघींत दांड झाकायचा कसा? रुक्माबाईने एका लुगड्यासाठी अर्ज केला.

चौकशीला कारकून आण्णाप्पा आले. नियमात ‘प्रत्यक्ष पाहणी’ म्हटलं होतं आणि दोरी रस्त्यावरूनच प्रत्यक्ष दिसत होती. त्यांनी लिहिलं, ‘अंगावरचे सोडून दोन उत्तम लुगडी. गरज सिद्ध होत नाही.’

“रावसाहेब, ती माझी न्हाईत! बायाक्काची हाईत.”

“मालकिणीने तसा जबाब द्यावा.”

बायाक्काला बोलावलं. तिचाही अर्ज आण्णाप्पांच्याच पिशवीत होता.

“माझी? न्हाय बा. माझ्याकडं ह्ये अंगावरचं तेवढंच.”

तिची दोरी रिकामी होती, हे आण्णाप्पांनी स्वतः पाहिलं. बायाक्काचा अर्ज मंजूर झाला, रुक्माबाईचा नामंजूर.

संध्याकाळी बायाक्का दारात आली. “रुक्मे, लुगडी दे गं माझी.”

रुक्माबाई घड्या घालत होती. “कुठली गं? सरकारात माझ्या नावावर लिवल्यात. तुझी असतील तर चल, रावसाहेबास्नी सांगू या.”

बायाक्का आल्या पावली मागे फिरली.

“आन् दोरीवर टाकायला लागलं तर न्हे की उसनं,” रुक्माबाई म्हणाली. “शेजारधर्म हाय.”

लग्नात रुक्माबाई हिरव्यागार लुगड्यात मिरवली. बायाक्का परमिटचं जाडंभरडं नेसून मागे बसली.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या दोऱ्या फिरल्या. धडकं परसात, फाटकं रस्त्याकडे. ज्यांच्याकडे फाटकं नव्हतं, त्यांनी रुक्माबाईचं दांडाचं लुगडं पाळीपाळीने मागून नेलं. एकच लुगडं नऊ दोऱ्यांवर वाळलं. आण्णाप्पांनी वर कळवलं, ‘गल्ली आठ दिवसांत कंगाल झाली.’

तुम्ही हसलात ना? मग पाहुणे फाटकाशी आले, की दोरीवरून घाईघाईने काय ओढून आत नेता, तेवढं आठवा.