कासवाने तपासलेली वीजपेटी

एका जंगलात, मुलांनो, धबधब्यावरून वीज आली. पण ती होती रानटी. कधी उसळायची, कधी मरगळायची. म्हणून सिंहमहाराजांनी माकडांकडून एक पेटी करवून घेतली. एका बाजूने रानटी वीज आत, दुसऱ्या बाजूने सरळ चालीची बाहेर.

या पेटीवर राजाचं ऊबघर चालणार होतं. तिथे अंड्यांखाली एक तार तापायची. पक्ष्यांनी अंड्यांवर बसून वेळ दवडू नये, अंडी ऊबघरात जमा करावीत, असा हुकूम सुटला. टिटवीनेही आपली चार अंडी नेऊन दिली. जीव मात्र तिथेच ठेवून आली.

पेटी तपासायला कासव नेमलं. त्याच्याइतकं शांत जंगलात दुसरं कोण? माकडाने खटका दाबून सगळे दिवे एकदम लावले. खट्ट आवाज झाला आणि कासवाने दचकून मान आत घेतली. पेटीवरचा वीज दाखवणारा काटा खाली पडला, थरथरला, पुन्हा जागेवर येऊन थांबला. मग कासवाने हळूच मान बाहेर काढली आणि काटा जागेवर असल्याचं जाहीर केलं.

दिवे एकदम मालवले. पुन्हा खट्ट, पुन्हा मान आत. या वेळी काटा वरच्या टोकाला जाऊन आला. कासवाने पाहिलं तेव्हा तो जागेवरच होता.

टिटवी पुढे झाली. "कासवदादा, खटका पडतो त्या क्षणी बघा हो. त्या तारेवर माझी पोरं आहेत."

"क्षणाचं काय घेऊन बसलीस, बाई," कासव म्हणालं. "मला तीनशे वर्षं जगायचंय."

तिने अंडी परत मागितली. जमा झालेलं परत देण्याची पद्धत नाही, असं तिला सांगण्यात आलं.

राजाच्या वाढदिवसाला अख्खं जंगल उजळलं. भाषण संपलं आणि सगळे दिवे एकदम मालवले. एवढी वीज जाणार कुठे? ती ऊबघरात उसळली. तार जळाली. दाराला कुलूप, किल्लीवाला मेजवानीत. दार उघडलं तेव्हा अंडी गार पडली होती. सांगताना मला अजून राग येतो.

चौकशी कासवाकडेच आली. त्याने मान बाहेर काढून पाहिलं. काटा जागेवर होता. निकाल लागला: पेटी निर्दोष, अंडी नाजूक.

टिटवीने पुढची अंडी उघड्या माळावर घातली. तेव्हापासून पाचोळा हलला तरी ती जिवाच्या आकांताने ओरडते. आणि जंगलात सगळे म्हणतात, टिटवीचं ओरडणं अशुभ असतं.

तात्पर्य: धक्का बसताना मान आत घ्यावी. मान आत घेणारा तज्ज्ञ ठरतो, ओरडणारा अपशकुनी.