तीन मिनिटांत एकेचाळीस

कदिरवनने आपला आकडा बायकोला सांगितला, तिथंच सगळं बोंबललं. फोनवर बुद्धिबळाची कोडी सोडवायची, तीन मिनिटांत होतील तेवढी. त्याची एकेचाळीस झाली. तेन्मोळीने ते आईला सांगितलं, आईने माहेरच्या अख्ख्या पेरंबूरला. (मधल्यामधे आकडा साठावर गेला म्हणतात.)

लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे जावयाने सासुरवाडीला जायचंच. पहाटे त्याच्या डोक्यावर तेल थापलं, आंघोळ घातली, नवी वेष्टी नेसवली आणि ओसरीत आणून बसवला. समोर पट मांडलेला, भोवती निम्मी गल्ली. पलीकडे सासरे पोन्नुस्वामी, गल्लीचे चॅम्पियन.

तेन्मोळी कानाशी वाकली. "हरलात तर जाताना बसमध्ये माझ्या शेजारी बसायचं नाही. सांगून ठेवते."

"जावईबापू, पांढरे तुमचे. होऊ द्या!" सासरे म्हणाले.

कदिरवन पटाकडे बघतच बसला. सगळ्या सोंगट्या जागच्या जागी! असली भानगड त्याने कित्येक महिन्यांत बघितलेली नव्हती. कोड्यात कसं, निम्म्या मेलेल्या असतात आणि वर लिहिलेलंच असतं, पांढरा जिंकतो.

"मामा," त्याने हळूच विचारलं, "यात कोण जिंकतंय?"

"अहो, अजून खेळायचंय!"

गल्ली खो खो हसली. तेन्मोळी नाही हसली.

सहाव्या चालीला त्याने आपला वजीर खाडकन प्याद्याच्या तोंडी दिला. (कोड्यात वजीर दिला की पुढे मात असतेच. नसली तर ते कोडं कसलं?) सासऱ्यांना घाम फुटला. पाच मिनिटं ते सापळा शोधत होते. सापळा नव्हताच. शेवटी भीत भीत त्यांनी वजीर उचलला, आणि पुढच्या आठ चालींत जावयाचा राजा आडवा.

लेकीचं लग्न सासऱ्यांनीच जमवलेलं, त्यामुळे अब्रू त्यांचीही चालली होती. ते खाकरले.

"बघितलंत? पहिल्या दिवाळीला सासऱ्याला हरवायचं नाही, म्हणून वजीर सोडला पोरानं! याला म्हणतात संस्कार."

"वा वा!" गल्ली म्हणाली.

"मग मी काय लहान आहे?" म्हणत शेजारचे पोस्टमास्तर बसले. जिंकले. त्यांचाही मान ठेवला. मग तेन्मोळीचे काका. मान. मग आजी बसल्या. त्यांना उंट कुठला आणि प्यादं कुठलं तेच दिसत नव्हतं. त्याही जिंकल्या. सगळ्यात मोठा मान! कदिरवन आता रंगात आला होता. हरणं त्याला मस्त जमत होतं.

तेवढ्यात नऊ वर्षांची मेहुणी याळिनी मुरुक्कू चावत समोर येऊन बसली. सासऱ्यांनी डोळेच मिटून घेतले. नऊ चालींत मात.

"आता हिचा कसला मान?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

सासरे छताकडे बघायला लागले. आजीच धावून आल्या. "अरे, लहान पोर म्हणजे साक्षात देवी! देवीला कोण हरवेल?"

गल्लीने माना डोलावल्या. तेन्मोळीचा जीव भांड्यात पडला. बसमधली जागा वाचली.

याळिनी सोंगट्या डब्यात भरत होती.

"ते सगळं ठीक आहे आजी," ती म्हणाली, "पण भावोजींनी दोनदा हत्ती तिरका चालवला. मी गप्प बसले. तरी तेच हरले."