पत्रिकेच्या पाठीवर रामकुंड

धनराज निकमांनी तिसरा कागद जिभेला लावला, तेव्हा दुकानदाराने हातच जोडले. “काका, विकत घ्या आणि घरी जाऊन भाकरीबरोबर खा!”

आता चाटण्यात वेडेपणा काहीच नव्हता. जिभेला लगेच चिकटणारा कागद पाणी पितो, म्हणजे जलरंगाला कुचकामी, असं त्यांना एका व्हिडिओत समजलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जलरंगांनी झपाटलं होतं. रंगाच्या वड्या, पाण्याची कुपी, दांडे छाटलेले ब्रश असं सगळं त्यांनी बायकोच्या, उज्वलाताईंच्या, जुन्या मसाल्याच्या डब्यात बसवलं होतं. डबा पिशवीत टाकला की माणूस थेट नदीवर. आकाश रंगवताना हिंगाचा वास यायचा, तेवढं सोडा. अडलं होतं ते कागदापाशी. एक फुगायचा, दुसरा पोपडे सोडायचा आणि तिसरा एवढा महाग, की त्यावर ब्रश टेकवायलाच हात धजेना.

अशात लेकीच्या, हर्षालीच्या, लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. पोरीची हौस म्हणून जाड हातकागदावर, एकाच बाजूला छापलेल्या. धनराजांनी सवयीने एकीचा कोपरा चाटला आणि डोळेच मिटले. सुती, खरबरीत, अस्सल! पाठ कोरीकरकरीत. कपाटावर एक गठ्ठा वेगळा ठेवलेला दिसला. उरलेल्या असणार, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि गोदावरीवरचं रामकुंड गाठलं.

आठवडाभर रामकुंडच काढलं. दर खेपेला देवळं विरघळायची, पाणी मातकट व्हायचं आणि भाविकांचे नुसते ठिपके उरायचे. पण कागद? जागचा हलला नाही! चित्रं सपाट राहावीत म्हणून त्यांनी ती पुन्हा त्याच गठ्ठ्यात दाबून ठेवली.

“अहो, मानाच्या पत्रिका गेल्या बरं का,” एका सकाळी उज्वलाताई म्हणाल्या. “माझा मनोजदादा देवळा, कळवण दोन्ही गावं एका फेरीत उरकतोय.”

“कुठल्या मानाच्या?”

“कपाटावरच्या. कुंकू लावून पाकिटात घातल्या मी.”

“उलटून बघितल्या का?”

“पाठीला कोण कुंकू लावतं?”

धनराजांचा चहा बशीतच राहिला. देवळ्याचे वाल्मीकतात्या म्हणजे भावकीतलं सगळ्यात नाजूक प्रकरण. मागे एका लग्नात फेटा दुसऱ्याला आधी बांधला, म्हणून तात्या मांडवातून उठून ट्रॅक्टरवर जाऊन बसले होते. आणि तात्या उठले की अख्खी भावकी उठायची.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. धनराजांनी तो कानापासून वीतभर लांब धरला.

“धनराज! पत्रिकेमागं हे तू काढलं?”

“तात्या, ते चुकून...”

“आरं, माझा मळा काढला की तू! ही विहीर, ही कांद्याची चाळ. आन हे ठिपके म्हंजे आमच्या शेळ्या. लय भारी शे, भो!”

कळवणच्या नवसाबाई आत्याला त्याच मातकट पाण्यात आपली डाळिंबाची बाग दिसली. ही वार्ता फिरली आणि कोरी पत्रिका मिळालेले पाहुणे एकजात रुसले. “तात्याचा मळा काढला, मग आम्ही काय घोडं मारलं?” पत्रिका परत येऊ लागल्या. धनराज बसले रंगवायला.

“अहो, जेवायला चला.”

“थांब गं, ओझरचे साडू सुकतायत अजून.”

शेवटी मनमाडहून विहीणबाईंचा निरोप आला. मुलाकडचे आम्ही, आणि आम्हालाच कोरी? मग धनराज पहाटे घाटावर बसले आणि त्यांनी जीव ओतून चित्र काढलं. काय नवल, पहिल्यांदाच ते जमलं! देवळं ताठ उभी, पाण्यात कळसांची प्रतिबिंबं. शेंबडं पोरही रामकुंड ओळखेल. धनराज चित्राकडे बघत राहिले, नाष्टासुद्धा विसरले.

पत्रिका मनमाडला पोचली आणि दुसऱ्या दिवशी व्याही सुनीलराव, विहीण सविताबाई ती घेऊन दारात हजर.

“निकमसाहेब, हे काय आहे?”

“रामकुंड!” धनराजांची छाती फुगली.

“तेच म्हणतोय मी. याच पायरीवर गेल्या वर्षी आमच्या काकांचा दहावा केला.”

“इतरांना मळे अन् बागा,” सविताबाई म्हणाल्या, “आणि आम्हाला पिंडदानाची जागा? हा अपशकुन घेऊन आम्ही वरात काढायची? लग्नाचं परत बसून बोलू आपण.”

आतल्या दारात हर्षाली उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. “बाबा...”

धनराजांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. जन्मात जमलेलं ते एकच.

“छे, छे! अर्धवटच आहे ते अजून,” ते म्हणाले. “शेवटचा हात राहिलाय.”

त्यांनी डबा उघडला, सगळ्यात जाड ब्रश पाण्यात बुडवला आणि दुसरीकडे बघत चित्रावरून सपकन फिरवला. कळस वाकले, पायऱ्या विरघळल्या, प्रतिबिंबं एकमेकांत गेली.

सविताबाई डोळे बारीक करून खाली वाकल्या. “अगंबाई! अहो, हा तर आपला बंगला! हा जिना. आणि हा गॅलरीतला झोपाळा.”

“झोपाळ्यावर बसलंय कोण?” सुनीलरावांनी चष्मा लावला.

धनराजांनी घाईघाईने एक थेंब सोडला. “तुम्ही!”

“वा! पण पोट जरा जास्तच आलंय.”

धनराजांनी रुमालाचं टोक ओलं करून व्याह्यांचं पोट अलगद टिपून घेतलं. कागद चांगला असला की एवढी सोय असते.