राजाचा झगा आणि मखमलीचा पडदा

आमच्या घरात एखादी वस्तू जरा वेळ स्वस्थ बसली, की मी तिला कव्हर शिवते! मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे, टीव्हीच्या रिमोटला खिशाचा सदरा आहे. पाहुणे आमच्याकडे सारखी चुळबुळ करतात ती या भीतीनेच, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण सुईदोऱ्याचं वेड मला शाळेत असल्यापासूनचं. लग्नातसुद्धा मी नवऱ्याचा चेहरा नंतर पाहिला. आधी दिसली ती त्याच्या कोटाची वाकडी बाही!

त्यामुळे ऑफिसच्या नाटकात ह्यांना राजाची भूमिका मिळाल्यावर झगा कोण शिवणार, हा प्रश्नच नव्हता. आजवर ह्यांच्या वाट्याला फक्त 'महाराजांचा विजय असो!' एवढंच वाक्य यायचं, तेही घोळक्यात. यंदा ऐन निवृत्तीच्या वर्षी थेट महाराज! पुन्हा अशी संधी यायची नव्हती.

"असा झगा शिवते," मी जाहीर केलं, "की तुम्ही तोंड उघडलं नाही तरी लोक टाळ्या वाजवतील!"

"तोंड उघडणार आहे गं मी," हे जरा दुखावूनच म्हणाले.

नाटक बसवणाऱ्या हेडक्लार्कसाहेबांनी रंगमंचाचा नवा पडदाही मलाच शिवायला दिला होता. किरमिजी मखमल! पडदा होऊन बरंच कापड उरलं, त्यातूनच मी महाराजांचा पायघोळ झगा बेतला. राजा आणि पडदा एकाच ठाणातले! माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी मी आत गेले, तर हे मिटलेल्या पडद्याच्या फटीला डोळा लावून उभे.

"अगं, किती माणसं आली आहेत!"

"मग काय रिकाम्या खुर्च्यांपुढे राज्य करणार होतात?"

तेवढ्यात मला दिसलं, झग्याची पडद्याकडची किनार लोंबतेय. पायऱ्या चढताना पायाखाली आली असणार.

"हलू नका!" मी खाली बसले, सुई ओवली आणि नेमके दिवे गेले. गेले म्हणजे नाटकासाठी घालवले. पण मी काय दिव्यांवर अवलंबून आहे? माझ्या बोटांना कापड कळतं! दुहेरी दोरा घेऊन असे दणदणीत टाके घातले की बस.

"झालं का?"

"झालं! आता हत्तीने ओढलं तरी सुटायचं नाही!"

मी विंगेत पळाले. घंटा झाली आणि पडदा मधून दुभंगून दोन्हीकडे सरकू लागला. त्यातल्या डाव्या पडद्याबरोबर महाराजही निघाले! चालत नव्हे, दोरीने ओढलेल्या होडीसारखे, आडवे! त्यांनी दोरी ओढणाऱ्या वॉचमनला हाताने 'थांब, थांब' केलं. वॉचमनला वाटलं, 'जोरात' म्हणतायत. त्याने जोर लावला आणि महाराज विंगेत गडप! प्रधानजी रिकाम्या सिंहासनाला मुजरा करत राहिले.

"बंद कर! पडदा बंद कर!" हेडक्लार्कसाहेब ओरडले.

पडदा आला. महाराजही परत आले.

"हां, आले! उघड आता!"

महाराज पुन्हा गेले!

पहिल्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "लहानपणापासून अस्साच! एका जागी टिकत नाही!"

प्रेक्षागृह हसून लोटपोट. मी विंगेतून हाका मारतेय, "अहो, थांबा ना!"

"आई, बाबा थांबतील कसे?" विसरलेली वाक्यं सांगायला नाटकाचं पुस्तक धरून शेजारी उभी असलेली आमची लेक म्हणाली. "तू त्यांना पडद्याला शिवलंयस!"

माणसाने जन्मभर वाट पाहिली, आणि मी हे काय करून बसले! डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, एवढ्यात पडद्याच्या घडीतून महाराजांनी डोकं बाहेर काढलं आणि धीरगंभीर आवाज आला.

"प्रधानजी! या राज्यातलं कापडसुद्धा आम्हाला सोडायला तयार नाही! राजशिंपिणीला बोलवा!"

गळ्यात टेप, नाकावर चष्मा, पायात स्लिपर अशी मी रंगमंचावर गेले आणि फतकल मारून टाके उसवायला बसले. एक सुटेल तर शपथ! तोच शिपाई धावत आला, "महाराज, शत्रू वेशीपाशी आलाय!"

"त्याला बसवून ठेवा," महाराज म्हणाले, "आमचं शिवणकाम चाललंय."

टाळ्यांचा कडकडाट! शेवटी कापडच कातरून मी त्यांची सुटका केली. सवयीने त्यांची कॉलर ओढून सरळ केली, खांद्यावरचा धागा उचलला आणि म्हटलं, "हं, आता लढा!" त्यावर तर शिट्ट्या पडल्या. पुढे ह्यांनी असं काही काम केलं की प्रधानजी स्वतःची वाक्यं विसरून बघत बसले.

घरी जाताना हे झग्याचं कातरलेलं टोक चाचपत होते. मी भीतभीत विचारलं, "रागावलात?"

"छे गं. एक सांगू? त्या फटीतून गर्दी पाहिली आणि मला एक वाक्य आठवेना. मी मागच्या दाराने पळणारच होतो. तू शिवून टाकलंस म्हणून राहिलो." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला कळलं होतं ना? म्हणूनच शिवलंस ना?"

आता तुम्हीच सांगा, आयतं चालून आलेलं श्रेय कोण नाकारेल?

"बायको आहे मी तुमची," मी म्हटलं. "मला कळायचं नाही होय!"