चार हळकुंडांची गादी

उकंडराव पाटील कुणाच्या घरी गेले की आधी बसत नसत. पागोट्यात खोचलेलं दाभण उपसायचं, बैठकीच्या गादीचा एक कोपरा उसवायचा, आतला कापूस बोटानं ओढून बघायचा, हुंगायचा, मान हलवायची, पुन्हा टाके घालायचे आणि मग त्याच गादीवर ऐसपैस मांडी ठोकून विचारायचं, "हं, काय म्हनता बाप्पा?"

अकोल्यात त्यांनी न उसवलेली गादी उरली नव्हती. एका लग्नात तर पाटील येताना दिसले तशी वरपक्षानं सगळ्या गाद्या कोठीत टाकून कुलूप लावलं, आणि वऱ्हाडी भुईवर बसले. कुणी रागावलं की पाटलांचं उत्तर ठरलेलं, "उसवल्याबिगर समजत नाई."

मी त्यांचा शेजारी, गावातली पोरं हाकणारा पंतोजी. माझ्या घरच्या उशाही त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, टाके आमच्या हिच्यापेक्षा बरे होते.

हे खूळ लागलं कापसापायी. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसं पार चळली हो! एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. शेतातला कापूस संपला, तसे लोक गाद्या, उशा, दुलया फाडून आतला जुना कापूस विकायला लागले. पाटलांनीही एक दिवस, बायको, म्हणजे आमच्या रखमाकाकू, देवळात गेल्याचं पाहून, त्यांची गादी मोकळी केली आणि दलालाला देऊन टाकली. ती गादी काकूंच्या आईनं लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातानं भरली होती, चारी कोपऱ्यांत एकेक हळकुंड ठेवून. काकू आल्या, रिकामी खोळ पाहिली आणि आल्या पावली बार्शीटाकळीला माहेरी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "माह्या मायची गादी आनाल, तवाच येईन."

तेव्हापासून पाटील हळदीनं पिवळा झालेला कापूस गावभर शोधत होते. दलालाला तर त्यांनी इतका पिडला, की तो बिचारा एकदा करवादला, "अहो, तुमची गादी मुंबईला गेली! असेल आता एखाद्या बड्या हॉटेलात, साहेबाच्या पाठीखाली!"

दुसऱ्या दिवशी पाटील माझ्या दारात हजर. "चाला पंतोजी, ममईले. हाटेलात ऱ्हायचं हाय. तुमाले विंग्रजी येते."

माझं विंग्रजी म्हणजे एका फाटक्या पुस्तकाची पहिली काही पानं. पण मुंबई फुकटात दिसत होती, मी कशाला बोलतोय!

रेल्वे तेव्हा अकोल्याला आली नव्हती. खानदेशापर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी, असं करत आम्ही पोचलो तेव्हा अंगातलं एकही हाड जागेवर नव्हतं. हॉटेल साहेबलोकांचं होतं, पण कापसाचा माणूस म्हटला की त्या दिवसांत मुंबईत सगळी दारं उघडत. खोलीत झुंबर, दोरी ओढली की नोकर हजर, आणि भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा. पाटलांनी आरशाला दोनदा रामराम घातला आणि उत्तर येईना म्हणून मनात राग धरला. पलंगाला चढायला पायरी होती. मी वर चढलो, पाय ताणले, डोळे मिटले. जन्माचं सार्थक झालं असं वाटतंय, तोच खालून आवाज आला.

"पंतोजी, उतरा. कोपरा दबून राह्यला."

कोपरा उसवला. आतून काळे, राठ केस निघाले. पाटलांनी हुंगले आणि माझ्याकडे पाहिलं.

"घोडा हाय."

"गादीत घोडा कसा असेल?"

"मंग हे केस काय माहे हायेत?"

मी काही बोलायच्या आत ते शेजारच्या खोलीत शिरलेसुद्धा. तिथे एक जाडा साहेब दुपारचं जेवून घोरत पडला होता. पाटील पलंगाखाली सरपटत गेले आणि खालून कोपरा उसवू लागले. मी दारात उभा राहून रामरक्षा म्हणत होतो. साहेब जागा झाला, ओरडला. नोकर धावले, मॅनेजर आला. त्यानं मला दरडावून काहीतरी विचारलं. मी होतं नव्हतं तेवढं विंग्रजी गोळा केलं आणि सांगितलं, "ह्यांची बायको गेली. ते तिला गादीत शोधताहेत."

साहेब एका उडीत पलंगावरून खिडकीपाशी!

पाटील मूठभर केस घेऊन बाहेर आले आणि तिथेच फरशीवर बसले. "इथीबी घोडाच, पंतोजी. हे लोक घोड्याच्या केसांवर निजतेत. मंग म्या तिच्या पाठीखालचा कापूस काहून उपसला हो?" आणि एवढा आडदांड माणूस त्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. मॅनेजर माझ्याकडे पाहत राहिला. ह्याचं विंग्रजी मला कुठून येणार?

शेवटी पाटलांनीच डोळे पुसले, दोन्ही गाद्यांना चोख टाके घातले आणि मग आम्हाला हाकलून देण्यात आलं. त्या पलंगावर मला एक रात्रही मिळाली नाही, ही हळहळ अजून आहे.

पुढच्या हंगामात पाटलांनी पहिल्या वेचणीचा कापूस विकला नाही. व्यापारी दारात येऊन हसून गेले. पाटलांनी तो स्वतः वेचला, सरकी काढली, पिंजून आणला, खोळ शिवली, चार कोपऱ्यांत चार हळकुंडं घातली. मग आम्ही बार्शीटाकळीला निघालो. गाडी रिकामी, आणि पाटील गादी डोक्यावर घेऊन मागून चालताहेत. का, तर म्हणे गाडीत धूळ लागते!

पाटलांनी गादी उतरवली, तशा काकू ओसरीवर आल्या. त्यांनी पाटलांच्या पागोट्यातून दाभण उपसलं आणि गादीचा कोपरा उसवायला घेतला.

"तुह्या मायची नाई सापडली," पाटील म्हणाले. "ही म्या भरली."

"उसवल्याबिगर समजत नाई," काकू म्हणाल्या.

हळकुंड निघालं. काकूंनी ते नाकाशी धरलं. मग गादीवरून हात फिरवला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"एकट्यापुरतीच हाय ही."

"तुह्यापुरती. मी भुईवर निजतो. तू गेल्यापासून भुईवरच निजून राह्यलो."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. आत वळता वळता म्हणाल्या, "बसा, भाकर टाकतो."

ओसरीवर एक जुनी गादी अंथरलेली होती. पाटील तिच्यावर बसले. कोपऱ्याला हातसुद्धा लावला नाही.

आतून काकूंचा आवाज आला, "आन घरी गेल्यावर त्या नव्या गादीची खोळ उसवा. दोघांपुरती भरू."